पासबुक कोणाकडे असतं?

15 जून हा ज्येष्ठांच्या छळाविरोधातला जागृती दिन. त्या दिवशी खटाव तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळात आमची सभा होती. मी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा 2007 चा कायदा समजावला. प्रांताकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, 14567 वर फोन करता येतो, सगळं सांगितलं. मग विचारलं, "कुणाला घरात त्रास होतो का?"

सगळे गप्प. एक आजोबा म्हणाले, "आमच्या गावात असलं काय न्हाई, बाई."

दारात सुना-मुलं उभी होती. त्यांच्यादेखत कोण बोलणार? माझं चुकलंच. चहा झाल्यावर बायकांना मागच्या पारावर घेऊन बसले आणि छळ हा शब्दच टाकून दिला. "श्रावणबाळ पेन्शनचे पैसे कोण काढून आणतं? पासबुक कोणाकडे असतं?"

"लेकाकडं." "नातवाकडं, कार्ड बी त्याच्याकडंच." एकेक आवाज येऊ लागला.

कडेला बसलेल्या आजींच्या चष्म्याची काडी तुटलेली होती. काडीच्या जागी काळा दोरा, कानामागून गुंडाळलेला. दोन वर्षं तसाच. पैसे मागितले की लेक म्हणतो, "तुला काय वाचायचंय?" जेवणाचं ताट सगळ्यांच्या मागून, तेही पडवीत. त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्याला छळ म्हनत्यात व्हय?"

मी हो म्हटलं. त्या बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या.

रान त्यांनी लेकाला बक्षीसपत्राने दिलेलं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर याच कायद्याच्या 23 व्या कलमाखाली परत मागता येते. अट दस्तात लिहिलेली असली की काम सोपं होतं. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, ती ओळ लिहून घ्या. आजींना मात्र अर्ज नकोच होता. "पोटच्या पोराला कचेरीत वढू व्हय? मला चष्मा द्या निस्ता."

दोन दिवसांनी त्यांना बँकेत नेलं. नवं पासबुक छापून आलं. क्लार्क ताईंनी एकेक नोंद वाचून दाखवली: 1500 जमा, 1500 काढले. आजी बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "म्हंजी दर म्हैन्याला येत हुतं?"