डमी बारची पिन

जालन्याच्या एमआयडीसीत बिलेट कास्टरवर, म्हणजे वितळलेल्या पोलादाच्या लांब चौकोनी कांड्या (बिलेट) ओतणाऱ्या यंत्रावर, माझी 11 वर्षं गेली. नवीन पोरांना मी आधी डमी बार दाखवतो.

मोल्डला, म्हणजे पोलाद ओततात त्या साच्याला, तळ नसतो. म्हणून खालून बार चढवून त्याच्या डोक्याने तोंड बंद करायचं, कडेच्या फटीत दोरी ठासायची, वर लोखंडाचे थंड तुकडे टाकायचे. पंधराशे अंशांच्या वरचं पोलाद त्या डोक्याला धरून गोठतं, आणि बार ओढला की मागोमाग लालबुंद बिलेट खाली उतरते. स्ट्रेटनर, म्हणजे वाकलेली बिलेट सरळ करणारे रोलर, ओलांडल्यावर बिलेटपासून डोकं सोडवायचं.

आमचा बार साखळीचा, वळणावर वाकावा म्हणून दुवे पिनांनी जोडलेले. एका रात्रपाळीत झिजलेली पिन तशीच राहिली. सांधा तिरपा होऊन अडकला, डोकं सुटेना. मागून बिलेट येतच होती. शेवटी गॅसने कापावं लागलं, स्ट्रँड (बिलेटची ती ओळ) बंद. त्या कटरवाल्या मुलाच्या भुवया करपल्या होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून प्रत्येक कास्टिंगआधी मी हातमोजा काढून एकेक पिन बोटांनी फिरवून बघतो. खाच लागली की ती पिन बाजूला, मग सुपरवायझर कितीही घाई करो.