यूनो नावाची १८७४ सालची बोट

स्वीडनमधला योटा कालवा, गोथेनबर्गहून स्टॉकहोमकडे निघालो, बोटीचं नाव यूनो आणि ती १८७४ सालची, विचार करा. केबिन म्हणजे आपल्या रेल्वेच्या कूपेएवढी, वर-खाली दोन बर्थ, बाथरूम सगळ्यांत मिळून. पण आत बसतंय कोण, उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, मी आपला डेकवरच.

कालवा १९० किलोमीटर, त्यातले ८७ हातांनी खणलेले, १८१० ते १८३२, जवळपास ५८ हजार सैनिक कुदळ-फावडी घेऊन राबले. ज्याने हे सगळं उभं केलं तो बाल्ट्झार फॉन प्लाटेन १८२९ मध्येच गेला, पुरा झालेला कालवा त्याला बघायला मिळालाच नाही, हे कळलं आणि खरंच गलबलून आलं.

एकूण ५८ लॉक, म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. बेर्गला सात लागोपाठ, मागचा दरवाजा बंद, पाणी सोडायचं, बोट हळूहळू खाली, मग पुढचा दरवाजा, परत तेच. दोन्ही बाजूंना भिंत इतकी जवळ की हात लावता येतो! आम्ही उतरून काठाने चालत खाली गेलो, बोटीच्या आधी पोचलो, आणि गवतावर बसून ती एकेक पायरी उतरताना बघत राहिलो.