दुसऱ्याच्या हातून

गुणगौरव समारंभाला गेलो की मी बहुधा कडेची खुर्ची धरतो. तिथून व्यासपीठापेक्षा त्याच्या पायऱ्या नीट दिसतात, आणि माझ्या मते समारंभातला पाहण्याजोगा भाग त्या पायऱ्यांवरच घडतो. नाव पुकारले जाते, सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी उठते, हातांचे काय करावे हे न सुचून ते आधी मागे व मग पुढे बांधते, आणि पदक कोणत्या हाताने घ्यायचे व हस्तांदोलन कोणत्या हाताने करायचे, हे तालमीत दोनदा समजावून सांगितलेले असूनही नेमके तेव्हाच विसरते. ती धांदल मला अध्यक्षीय भाषणापेक्षा नेहमीच अधिक बोलकी वाटत आली आहे. (अध्यक्षीय भाषण संपत आल्याची चाहूलसुद्धा सहसा दोन-तीनदा लागते.)

तसे पाहिले तर शर्यत आधीच जिंकलेली असते, गुण आधीच नोंदलेले असतात. पदक टपालाने घरी पाठवले तरी त्यात काही उणे होणार नसते. मग हा सारा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मला २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सापडले. महासाथीमुळे तिथे विजेत्यांच्या गळ्यात पदक घालायला कोणी पुढे होत नव्हते. तबक समोर धरले जाई आणि खेळाडूने पदक स्वतः उचलून स्वतःच घालायचे असे. स्केटबोर्डिंगच्या महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण मिळवणारी जपानची मोमिजी निशिया आणि रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लिआल या दोघीही १३ वर्षांच्या होत्या, तर कांस्यपदकाची मानकरी फुना नाकायामा १६ वर्षांची. पराक्रम पुरा होता, पदके खरी होती, मुलींचा आनंदही खरा होता. तरी स्वतःच्याच हाताने गळ्यात घातलेले ते पदक पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. यश स्वतः मिळवता येते. मान मात्र दुसऱ्याच्या हातूनच यावा लागतो, आणि आपण समारंभ भरवतो तो बहुधा त्या दुसऱ्या हातासाठी.

अमेरिकेतल्या स्काउट चळवळीला हे उमगले असावे. ईगल स्काउट हा तिथला सर्वोच्च दर्जा. त्यासाठी किमान २१ प्रावीण्यपदके मिळवावी लागतात, समाजोपयोगी प्रकल्प पार पाडावा लागतो, आणि हे सारे वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी. हा दर्जा दिला जातो त्या समारंभात सत्कारमूर्ती अनेकदा स्वतःही एक छोटी पिन आपल्या मार्गदर्शकाच्या कपड्यावर लावते. आतापर्यंत घेणारे हात एकाएकी देणारे होतात, आणि ती पिन लावताना मुलांची बोटे थरथरत असतील, तर त्यात नवल नाही.

पायऱ्या उतरून आलेली मुलगी जागेवर बसते. पदक तिच्याकडे क्षणभरच राहते. शेजारची मैत्रीण ते मागून घेते, उलटेपालटे करून पाहते, वजन अजमावते, पुढच्या हातात देते. व्यासपीठावर पुढचे नाव पुकारले गेलेले असते, आणि पदक अजून त्या रांगेतच फिरत असते.