वीस मिनिटं आणि एक फोटो

गिम्पवर, म्हणजे फोटो सुधारायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर, परिषदेत बोलायचं ठरलं की माणूस आधी स्लाइड्स करायला बसतो. खरं तर आधी फोटो शोधावा. वीस मिनिटांच्या भाषणाचं भवितव्य बहुतेक वेळा त्या एका फोटोवर असतं, आणि नेमका तोच आदल्या रात्री डाउनलोड्समधून, हाताला लागेल तो, उचलला जातो.

फोटो सुंदर नसला तरी चालेल. थोडा बिघडलेलाच बरा. आकाश फिकट, चेहरा सावलीत, क्षितिज दोन-तीन अंश कललेलं. बिघाड मात्र ठसठशीत हवा. प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि फिकट छटांमधले भेद विरून जातात. त्यामुळे नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, काढण्याची करामत लॅपटॉपवर कितीही देखणी दिसली, तरी मागच्या रांगेला दोन्ही चित्रं सारखीच वाटतात. कर्व्ह्जची, म्हणजे उजेड-अंधार बदलणाऱ्या आलेखाची, रेघ जराशी वाकवली, तर फरक दारात उभ्या असलेल्यालाही कळतो. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी मांडू नये, एकाच जागी उघडझाप करावी. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत हे फार सोपं आहे. फिल्टर लेयरला, म्हणजे चित्राच्या थराला, नुसता जोडलेला राहतो, मूळ पिक्सेलना धक्का लागत नाही. लेयरच्या ओळीतल्या ‘एफएक्स’वर क्लिक करायचं आणि फिल्टरपुढचा डोळा मिटायचा, उघडायचा. सगळ्या भाषणात हा एक डोळा दाखवला, तरी लोक काहीतरी घेऊन जातात.

मग आकार. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे रंगांच्या फार बारीक अचूकतेत, उघडला, तर एकेक लेयर ३८४ एमबी खातो. अन्डूचा साठा वेगळाच. मंचावर प्रगतिपट्टी रांगत असताना बोलायला काही सुचत नाही. तोच फोटो १९२० × १२८० केला की लेयर ४० एमबीच्या आत येतो, आणि पडद्यावर त्याहून जास्त पिक्सेल बहुधा मावतही नाहीत. फोटोचा परवानाही तेव्हाच पाहून घ्यावा. मुक्त सॉफ्टवेअरवर बोलताना दुसऱ्याचं छायाचित्र नाव न देता वापरणं शोभत नाही.

इतिहासाला एक स्लाइड पुरे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्पची सुरुवात केली. खिडक्या-बटणं बनवायचं मोटिफ हे टूलकिट पटेना म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं, तेच जीटीके. चित्रं रंगवायला निघालेल्यांनी खिडक्या-बटणं घडवली, आणि आज त्यावर लिनक्सवरचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप उभा आहे. एवढं सांगून पुढे जावं.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक टप्प्याची वेगळी एक्ससीएफ फाइल (गिम्पचा स्वतःचा फॉरमॅट) करून ठेवावी: मूळ, सरळ केलेला, मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) लावलेला, पूर्ण. एक्ससीएफमध्ये लेयर आणि मास्क राहतात, अन्डूचा इतिहास राहत नाही. मध्येच प्रोग्राम कोसळला तर पुढची फाइल उघडून वाक्य पुरं करता येतं. लॅपटॉपवर नवं युजर खातं काढून त्यातच सराव करावा, म्हणजे आपले जुने ब्रश आणि सरकवलेली पॅनेल आड येत नाहीत. प्रिफरन्सेसमध्ये आयकॉन मोठे करावेत. पडदा ‘मिरर’वर, म्हणजे दोन्हीकडे तेच दिसेल असा, ठेवावा, नाहीतर एखादा डायलॉग भलत्याच पडद्यावर उघडतो. ऐनवेळी मेन्यू आठवेना, तर ‘/’ दाबून कमांडचं नाव टाइप करावं. प्रेक्षकांना ती युक्ती वाटते.

‘फोटोशॉपच्या जागी चालेल का?’ हा प्रश्न येणारच. सारवासारव करू नये. छपाईसाठी ३.० काही फॉरमॅटमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) एक्स्पोर्ट देतो, पण संपादन आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यातच) चालतं, असं सरळ सांगावं.

सगळ्यात जास्त फजिती मात्र होते ती सिलेक्शनमुळे. निवडलेला भाग असला की ब्रश फक्त त्यातच चालतो. आधीच्या पायरीतलं कोपऱ्यातलं इवलंसं सिलेक्शन तसंच राहिलेलं असतं, त्याच्या कडेने सरकणाऱ्या तुटक रेघा, म्हणजे ‘मुंग्या’, प्रोजेक्टरवर दिसत नाहीत, आणि वक्ता चित्राच्या मधोमध ब्रश घासत राहतो. रंग काही उमटत नाही. मग तो ब्रशचा आकार वाढवतो, रंग बदलतो, अपारदर्शकता तपासतो. शेवटी तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, ‘सिलेक्शन सोडा, कंट्रोल-शिफ्ट-ए.’