लिथियमच्या रिपोर्टवर वेळ लिहून घ्या

लिथियम म्हणजे बायपोलर या मूडच्या आजारावरची गोळी. रक्तातल्या लिथियमच्या रिपोर्टवर समजा ०.८ असा आकडा असतो. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, ते मात्र बहुतेक वेळा नसतं. आणि ते माहीत नसेल तर त्या ०.८ वरून काहीच ठरवता येत नाही.

बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवण्यासाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर ही पातळी ठेवतात. (लॅबने मिलीइक्विव्हॅलंट लिहिलं असेल तरी आकडा तोच.) ही पातळी गोळीनंतर १२ तासांनी काढलेल्या रक्ताची. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त. सकाळचाही डोस असेल तर तो सोबत न्यायचा आणि रक्त दिल्यावर घ्यायचा. सवयीने चहाबरोबर गिळून गेलात तर आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो. उलट संध्याकाळी ७ ला गोळी घेऊन दुपारी १२ ला रक्त दिलं तर आकडा कमी दिसतो, डोस वाढवला जातो. ही चूक जास्त महागात पडते.

डोस बदलल्यावर पातळी तपासायच्या आधी ५ ते ७ दिवस जाऊ द्यावे लागतात. मधल्या काळात गोळ्या चुकल्या असतील तर सांगून टाका. डॉक्टर रागावतील, पण निदान चुकीच्या आकड्यावर डोस ठरणार नाही. पहिलं वर्ष दर ३ महिन्यांनी तपासणी, पुढे सगळं स्थिर असेल तर ६ महिन्यांनी. वय पासष्टच्या पुढे असेल तर ३ महिन्यांनीच.

लिथियमसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. सोबत शुगर असेल तर उपाशी राहा, पण पाणी प्या. आणि ट्यूबकडे बघा: हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा लिथियम हेपॅरिनच असतं, त्यात रक्त घेतलं की आकडा खोटाच वाढतो. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट भयंकर, असं झालं तर आधी ट्यूब कोणती होती ते विचारा आणि त्याच दिवशी पुन्हा तपासा.

खरी पातळी चढते ती बहुधा घरातल्याच गोष्टींनी. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही. म्हणून जुलाब, उलट्या, मे महिन्यातलं ऊन, निर्जळी उपवास, बीपीसाठी एकदम अळणी सुरू करणं, हे सगळं धोक्याचं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्याही तशाच, पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांनीही पातळी वाढते. पाकिटावर नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, म्हणजे दुहेरी भर. अशी गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना लिथियम चालू आहे हे आधी सांगा, आणि सुरू केलीच तर आठवड्याभरात पातळी बघा.

लिथियमवर लघवी जास्त होते, तहानही लागते. लघवी आवरावी म्हणून घरचे पाणी तोडतात. ते करू नका.

दर ६ महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची), कॅल्शियम आणि वजन. टीएसएच वाढून येणारी मरगळ हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसते. त्यावर थायरॉक्सिन देतात, लिथियम सहसा बंद करावं लागत नाही. क्रिएटिनिनचा एकच रिपोर्ट फसवतो. साठीच्या बाईचं ०.७ चं १.१ झालं तर पुष्कळ लॅबच्या हिशेबात ते ‘नॉर्मल’च, पण ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती रक्त गाळतं त्याचा अंदाज, ९९ वरून ५८ वर आलेला असतो. जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका.

बोटांची बारीक थरथर नेहमीची असू शकते. पण कपातला चहा सांडेल इतका हात हलायला लागला, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली किंवा सोबत उलट्या-जुलाब असतील, तर लिथियम जास्त झालेलं असू शकतं. पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे मात्र १२ तासांची वाट बघायची नाही. रक्त लगेच द्यायचं, फक्त शेवटच्या गोळीची वेळ सांगायची.