सराफाकडे नोकरी धरण्याआधी

लक्ष्मी रस्त्यावर सराफी दुकानाच्या दारात 'सेल्समन पाहिजे'ची पाटी दिसली की माणूस आत जाऊन आधी पगार विचारतो. त्याच्याही आधी विचारा: टॅली, म्हणजे रात्रीचा मालाचा मेळ, जुळली नाही तर काय करता?

काउंटरवरच्या प्रत्येक ट्रेचा हिशेब नगात आणि वजनात, असा दुहेरी असतो. सकाळचा स्टॉक, त्यात आलेला माल मिळवायचा. विक्री आणि दुरुस्तीला गेलेला माल वजा करायचा. उरेल ते रात्री ट्रेत दिसलं पाहिजे. नग बरोबर, पण एका ट्रेत ०.८५० ग्रॅम जास्त आणि शेजारच्यात तेवढंच कमी, तर दोन अंगठ्यांची अदलाबदल झालेली असते. पाच मिनिटांत सापडतं. नगच कमी भरला तर कॅमेरे बघून होईपर्यंत कुणी घरी जात नाही. म्हणून मुरलेला माणूस पहिला ट्रे मोजून आत ठेवल्याशिवाय दुसरा काढत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो. तूट पगारातून कापणार का, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या.

दुसरी चूक बिलाची. मंगळसूत्र काट्यावर १८.४०० ग्रॅम भरलं, त्यात काळे मणी २.१५० ग्रॅम, सोन्याचा भाव लावायचा १६.२५० ला. गडबडीत एकूण वजनावर बिल फाटलं, तर भांडण काउंटरवरच्या माणसाच्या वाट्याला.

इन्सेंटिव्हचं टार्गेट रुपयांत आहे की ग्रॅममध्ये, तेही विचारा. भाव चढला की लोक वजन कमी करतात. रुपये भरतात, ग्रॅम भरत नाहीत. दिवसभर उभं राहणं आहेच. पाडवा, अक्षय तृतीया, धनत्रयोदशीला सुट्टी विसरा. गुरुपुष्यामृतालासुद्धा.

जमेची बाजू म्हणजे हात आणि नजर तयार होते. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी नुसते ओळखता येतात असं नाही, कुठला फासा ढिला आहे तेही कळतं. घडणावळीत सवलत बहुतेक ठिकाणी मिळते. आणि मोड, म्हणजे गिऱ्हाइकाचं जुनं सोनं, घेण्याचं काम शिकलात तर कुठल्याही पेढीवर किंमत आहे. कॅरेट दाखवणारं यंत्र वरच्यावरचंच सोनं वाचतं. आतला डाख (सांधे जोडायचा हलका धातू), लाख आटवल्यावर बाहेर पडते. त्यामुळे यंत्राने ९१ टक्के दाखवलेल्या जुन्या पाटल्या आटवून ८७ निघू शकतात. हे गिऱ्हाइकाला आटणीच्या आधी सांगायचं असतं, नंतर नाही.