आमची वाटचाल : कलबुतापासून घरगुती साच्यापर्यंत

आमचं मूळ काम पादत्राणं दुरुस्तीचं. तळवे चिकटवणं, टाचा बदलणं, उसवलेली शिवण घालणं. पण येणाऱ्यांत काहीजण असे असत की त्यांच्या बुटाला कुठेही धक्का लागलेला नसे. कोरा करकरीत बूट, तक्रार एकच : चावतो. असे बूट आम्ही आतून जरा ओलसर करायचो, लाकडी कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ठोकून बसवायचो आणि सावलीत ठेवून द्यायचो. हाताचं काम पाच मिनिटांचं, पण कलबूत दोन-दोन दिवस अडकून पडायचं. त्या काळात दुसरा बूट आला तर थांबा म्हणायची पाळी.

भाऊ म्हणाला, हे साधन लोकांच्याच घरी का देऊ नये? तिथून आमचा खरा व्यवसाय सुरू झाला.

बूट सैल करायचा आमचा साचा दिसायला साधा आहे. पुढचा भाग मधोमध चिरलेला, मागे टाचेचा ठोकळा, दोघांमधून जाणारा स्क्रू. मूठ फिरवली की पुढच्या दोन फाळी बाजूला सरकतात. लाकडातच आटे पाडले तर ते झिजतात, म्हणून आत पितळी नट बसवला. फाळींना भोकं आहेत. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं असेल किंवा करंगळीवर कुरूप असेल, तर नेमक्या त्या जागी छोटी गुट्टी खोचायची. आमच्या मते साच्याची निम्मी किंमत या गुट्टीत आहे. बहुतेक बूट सगळीकडून घट्ट नसतातच, एकाच ठिकाणी टोचतात.

मूठ ताण जाणवेपर्यंत फिरवायची, वर अर्धा फेरा, मग रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी पायात घालून बघायचं. एका दमात फेरे दिले तर शिवण बोलते.

भागीदाराशी खटका उडाला तो डब्यातल्या चिठ्ठीवरून. ‘बूट रुंदीला सैल होतो, लांबीला नाही,’ हे मी पहिल्याच ओळीत छापलं. बुटाच्या नाकाशी आणि टाचेशी आत कडक पट्टी असते, ती ताणली जात नाही. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. तेवढी लांबी कुठलाही साचा काढून देणार नाही. बोटं पुढे टेकत असतील तर बूट बदलून घ्या, साचा घेऊ नका. ‘आपणच आपलं गिऱ्हाईक परत पाठवायचं?’ भागीदाराचा सवाल. चिठ्ठी राहिली.

चिठ्ठीत पुढे भर पडत गेली. अस्सल चामडं तंतूंचं असतं, ओल आणि ताण मिळाला की तंतू सरकतात आणि तसेच वाळतात. रेक्झिन म्हणजे कापडावरचा प्लास्टिकचा थर. तो पुन्हा आकसतो, नाहीतर तडकतो. चकचकीत पेटंट लेदरलाही भेगा पडतात. स्वेडवर, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्यावर, पाण्याचे डाग राहतात.

घरात साचा नसेल तर? हे आम्ही फोनवर मोकळेपणाने सांगतो. जाड मोजे घालून बूट चढवा, घट्ट जागेवर हेअर ड्रायरची मध्यम हवा अर्धा मिनिट हलती ठेवा आणि बूट गार होईपर्यंत घरातच फिरा. गरम असताना काढला तर मेहनत वाया. नंतर चामड्याचं क्रीम लावा, कारण उष्णतेने ते कोरडं पडतं. पाण्याची पिशवी बुटात घालून बूट फ्रीझरमध्ये ठेवण्याबद्दल फार विचारतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं, पण ते जिकडे वाट मिळेल तिकडे फुगतं, तुमच्या करंगळीकडेच असं नाही. पिशवी फुटली तर अस्तर गेलंच.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना मात्र आम्ही साचा विकतच नाही. चावलेलं त्यांना कळत नाही, जखम आधी होते. त्यांनी घालून-घालून सैल करण्याचा विचारही करू नये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यावा.

सध्या निमुळत्या नाकाच्या बुटांसाठी अरुंद साच्यावर काम चालू आहे. फाळी बारीक केल्या की स्क्रूला जागा उरत नाही. नट टाचेच्या ठोकळ्यात सरकवून पाहतो आहोत.